निकेल नको, ही मागाहून लिहिलेली ओळ

गावाकडच्या माझ्या जुन्या कॉलेजच्या अंकासाठी प्रवासवर्णन मागितलं, तेव्हा मागणाऱ्यांना परदेशवारी हवी होती. "परिषदेला जाऊन आलीस ना, बर्फाबद्दल लिही," म्हणाले. बर्फ बघून आले खरी, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझ्या जिवाला लागलेला प्रवास चार दिवसांचा आणि जवळचाच आहे. ठाणे, विठ्ठलवाडी, डोंबिवली, टिटवाळा. तोच लिहिते.

आधी माझा गुन्हा सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. माझे वडील लातूरकडे गवंडीकाम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

काम असं. सिलिकॉनच्या चिपवर विजेच्या दाबाने एक इवलासा खळगा करायचा आणि त्यात एकच इलेक्ट्रॉन अडकवायचा. त्या खळग्याला क्वांटम डॉट म्हणतात. इलेक्ट्रॉन स्वतःच एक बारकं चुंबक असतो, टोक वर नाहीतर खाली. तो त्याचा स्पिन. शेजारी एक नागमोडी तार, रेझोनेटर, तिच्यात मायक्रोवेव्हची लहर घुमत राहते. त्या लहरीची आणि स्पिनची गाठ घालून द्यायची. जमलं तर एकमेकांपासून लांबचे दोन स्पिन त्या तारेतून एकमेकांशी बोलू शकतील. हे सगळं एका तांब्याच्या डबीत बसतं. डबी काडेपेटीएवढी. तिला सोन्याचा मुलामा देतात आणि अवकाशापेक्षाही थंड अशा फ्रिजमध्ये टांगतात.

तो मुलामा आम्ही डोंबिवलीच्या एका कारखान्यात करून घेतला. मोजायला बसलो तर चुंबकीय क्षेत्र चढवताना एक उत्तर येई, उतरवताना दुसरं. लहर मंदावायची, स्पिनचा पत्ता नाही. दीड महिना गेला. शेवटी मी दोऱ्याला बारीक चुंबक बांधून डबीजवळ धरलं. ते डबीकडे झुकलं. सोन्याच्या खाली निकेल होतं, आणि निकेल चुंबकीय असतं.

माझ्या गाइड सरांनी विचारलं, "ड्रॉइंगवर लिहिलं होतंस ना, निकेल नको म्हणून?"

मी म्हणाले, "हो."

लिहिलं नव्हतं. डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. पण तोंडातून 'हो' गेलं होतं आणि ते परत घ्यायची मला सवय नाही. संध्याकाळी ड्रॉइंग उघडलं, खालच्या कोपऱ्यात ती ओळ टाकली, तारीख जुनीच ठेवली आणि तक्रारीच्या मेलला तो कागद जोडला. पाच मिनिटांचं काम.

संस्थेने ठरवलं की कारखान्याचं नाव काम देण्याच्या यादीतून काढायचं की नाही, ते बघून आल्यावर ठरेल. बघायला कोण जाणार? मी. नवी डबीही करून आणायची होती. म्हणजे चूक माझी, आणि चौकशीला निघालेलीही मीच.

बुधवार, ठाणे

ठाण्यात माझी कॉलेजची मैत्रीण अर्चना राहते, सासूबाई आणि नवऱ्याबरोबर. आमच्याकडे नवीन माणूस दारात आलं की पहिला प्रश्न, "कुणाची गं तू?" इथे पहिला प्रश्न, "ईस्टला उतरलीस की वेस्टला?" कुणाची आहे याने यांचं काही अडत नाही. मला ते बरं वाटलं.

रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, "सोन्याची डबी म्हणे? तिच्यात ठेवता काय?"

"एक इलेक्ट्रॉन."

"दिसतो?"

"नाही."

"मग रिकामीच की गं डबी!"

अर्चना हसून हसून खोकायला लागली. "सहा वर्षं शिकून एक इलेक्ट्रॉन, आई. एक!"

"एकच धड सांभाळता येत नाही अजून," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावपाळीला चक्कर मारून आम्ही मिसळ खाल्ली. इथे तर्री वेगळ्या वाटीत देतात, ज्याने त्याने आपल्या हिमतीने घालायची. मी लातूरची म्हणून सगळी वाटी ओतली आणि नाक पुसत बसले. तेव्हा अर्चनाने विचारलं, "मग आज तू जाऊन त्या लोकांची चूक शोधणार? इन्स्पेक्टरच झालीस की. कुणाची नोकरी वगैरे जाणार का?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी तिखटाने आलं असं तिला वाटलं असणार.

गुरुवार, विठ्ठलवाडी

नवी डबी विठ्ठलवाडीत हरेशभाईंच्या वर्कशॉपमध्ये तयार होती. हरेशभाई सिंधी, जन्म इथलाच. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि परत येतात. त्यांनी आधी नाश्ता मागवला, दाल-पकवान. पकवान म्हणजे मोठी कडक पुरी, आमच्या कडक भाकरीसारखीच मोडून, डाळ आणि चिंचेच्या चटणीबरोबर खायची. मी खाल्लं आणि उत्साहात डबी उचलली.

"हात नही लगाने का, मॅडम!" हरेशभाई ओरडले. तांब्यावर माझ्या चार बोटांचे चटणीचे ठसे उमटले होते. ते पुसत पुसत म्हणाले, "तांब्याला माणसाचा घामपण चालत नाही, तुम्ही तर चिंच लावली."

मी माफी मागितली. त्यांनी डबी मऊ कागदात गुंडाळली. या डबीच्या कोपऱ्यांबद्दल त्यांनी मला तीनदा फोन केला होता आणि तिसऱ्यांदा मी वैतागून बोलले होते. तो विषय मीच काढला.

"अहो, मी सगळ्यांना फोन करतो," ते म्हणाले. "लोक बोलतात, ये आदमी बहुत सर खाता है. पण कागदावर नाही ते मी मनाने करत नाही. आणि कागदावर असेल तर मग माझी जिम्मेदारी."

डबी पिशवीत घालून मी रिक्षात बसले. बोटांना चटणीचा वास अजून येत होता.

गुरुवार दुपार, डोंबिवली

एमआयडीसीत शिरलं की आधी नाकाला कळतं. प्रत्येक गल्लीचा वास वेगळा, एक रंगाचा, एक औषधाचा, एक नुसताच घशात बसणारा. रिक्षावाल्याला विचारलं, त्रास होत नाही का? "कसला?" म्हणाला.

कारखाना नाईकसाहेबांचा, चौदा माणसांचा. एका बाजूला ओळीने टाक्या: धुण्याची, आम्लाची, पुन्हा धुण्याची, निकेलची हिरवीगार, आणि शेवटी जाळीच्या दारामागे सोन्याची. वस्तू तारेने बांधून एका टाकीतून दुसरीत बुडवत न्यायच्या. प्रत्येक कामाबरोबर एक जाड पुठ्ठा फिरतो, त्याला जॉब कार्ड म्हणतात. कार्डावर जे लिहिलं असेल तेच करायचं.

"या मॅडम, बसा," नाईकसाहेबांनी खुर्ची पुसली. त्यांनी तीनदा क्षमा मागितली. "बावीस वर्षांत असं झालं नाही हो. आमचे सावंत सोन्याच्या टाकीवर होते. वय झालं, नजर गेली असेल. आता त्यांना तिथून हलवलंय, तार बांधायला बसवलंय. तेवढं तुमच्या अहवालात येऊ द्या, की आम्ही कारवाई केली."

मी "बघते" म्हणाले.

सावंतकाका लाकडी बाकावर बसून पितळी नळांना तार बांधत होते. साठीच्या आसपासचे, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. मला बघून उठले. खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. एक माझं पहिलं ड्रॉइंग, टाकीच्या डागांचं. दुसरं तक्रारीबरोबर आलेलं, कोरं, खाली ओळ असलेलं.

"मॅडम, माझ्या हाती आला तो हा," त्यांनी डागांच्या कागदावर बोट ठेवलं. "हा दुसरा आला असणार नि माझ्याकडून हरवला असणार. सगळ्या फायली काढून बघितल्या. कचऱ्याच्या पिंपात बघितलं. मिळाला नाही. कार्ड माझ्याच हातचं आहे, त्यावर निकेलची खूण मीच केली. तांब्यावर सोनं म्हटलं की खाली निकेल आलंच. नाहीतर तांबं हळूहळू वर येतं, सोनं काळवंडतं, गिऱ्हाईक ओरडतं. चाळीस वर्षं तेच केलं. म्हणजे मुद्दाम नाही हो केलं."

त्यांनी चांगलं व्हावं म्हणून निकेल दिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पण निकेलने तुमचं बिघडलं काय?"

बाकीचे दोघे-तिघे जवळ आले. मी बाकावर तारेचा एक तुकडा नागमोडी वळवला, शेजारी एक बारीक नट ठेवला. म्हटलं, ही तार, हा इलेक्ट्रॉन. तारेतली लहर विजेची, तिला इलेक्ट्रॉनचं चुंबक कळत नाही. म्हणून आम्ही चिपवर कोबाल्टचं अगदी छोटं चुंबक ठेवतो. त्याचं बळ या बाजूला जास्त, त्या बाजूला कमी. लहर इलेक्ट्रॉनला झोका देते, झोक्याबरोबर तो जास्त बळातून कमी बळात जातो, आणि त्याचा स्पिन हलतो. असा तो लहरीशी बांधला जातो.

सावंतकाका नटाकडे बघत राहिले. "म्हणजे चुंबक तुम्ही स्वतःच ठेवता."

"हो."

"मग माझ्या निकेलने काय वाईट केलं? तेही चुंबकच."

पुण्यात माझ्या तोंडी परीक्षेला आलेल्या तिघांपैकी कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "आमचं चुंबक कुठे आहे, किती आहे, ते आम्हाला माहीत असतं. हे निकेल आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं."

"म्हणजे सांगून ठेवलं असतं तर चाललं असतं."

"चाललं नसतंच. पण निदान कळलं असतं."

"खरं आहे," ते म्हणाले. "कळायला पाहिजे." मग हळूच, "उद्या शुक्रवार, इथे सुट्टी असते. आमच्याकडे जेवायला या. टिटवाळ्याला. जरा बोलायचं आहे."

आमच्याकडे कामगाराने चौकशीवाल्या साहेबाला जेवायला बोलावलं, तर लोक त्याचा एकच अर्थ काढतील. मीही तोच काढला. बोलावणाऱ्याबद्दल असं वाटलं याचीही नंतर लाज वाटली.

शुक्रवार, टिटवाळा

टिटवाळ्यात नव्या इमारती उठताहेत. सावंतांचं घर त्यांतल्याच एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट अजून यायची होती. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, "गणपतीचं दर्शन झालं का?" नाही गेले. कुठल्या तोंडाने जाणार होते.

"ये गो पोरी, ये," कारखान्यातलं 'मॅडम' काकांनी चौथ्या मजल्याखालीच सोडलं होतं. काकू कुडाळकडच्या. काळ्या वाटाण्यांची उसळ, आंबोळ्या, सोलकढी. मी नेलेले धपाटे त्यांनी कौतुकाने खाल्ले आणि म्हणाल्या, "एवढं कडक? दातांशी काय वैर गो तुमच्या गावाचं?"

तेवढ्यात काकूंनी फळीवरून एक बाटली काढली आणि काकांच्या डोळ्यांत थेंब घातले. "महिना झाला," त्या मला म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा गेले. तो म्हणतो, वयाच्या मानाने ठीक आहे. यांना पटत नाही. म्हणतात, कागदावरची ओळ दिसली नाही म्हणजे काहीतरी असणारच."

काका डोळे मिटून बसले होते. तसेच बोलले. "पोरी, एक मागायचं होतं. अहवालात माझं नाव लिही. सावंतांच्या हातून झालं, कारखान्याच्या नाही, असं. यादीतून कारखाना निघाला तर बाकीची मोठी कामंही जातील, असली बातमी लागते सगळ्यांना. चौदा घरं आहेत. माझी दोनच वर्षं राहिलीत, मी घरी बसेन."

माझे वडील एकदा दुसऱ्याच्या मापाने बांधलेल्या भिंतीपायी सगळ्यांदेखत बोलणी खाऊन घरी आले होते. मी तेव्हा नववीत होते आणि मला राग आला होता तो पेन्सिलने चुकीचं माप लिहून देणाऱ्याचा. आता पेन्सिल माझ्या हातात होती.

"काका," मी म्हणाले, "दुसरा कागद हरवलाच नाही. तो नव्हताच. ती ओळ मी नंतर लिहिली. तारीख खोटी घातली."

काकांनी डोळे उघडले. थेंब गालावर ओघळले, ते त्यांनी पुसले नाहीत. काकूच बोलल्या.

"म्हणजे महिनाभर मी यांच्या डोळ्यांत हे घातलं ते कशाला?"

त्यांनी बाटली फळीवर परत ठेवली.

"शिकलेली ना तू? मोठ्या शाळेतली? कालपासून सांगताहेत, मुलगी किती हुशार, तारेचा तुकडा घेऊन सगळं समजावलं. आम्हाला हे कळलं नसतं तर तू लिहिलं असतंस यांचं नाव?"

"नाही," म्हणायला मी तोंड उघडलं. पण खरंच माहीत नव्हतं. म्हणून म्हणाले, "माहीत नाही, काकू."

"ताट उचलू?" एवढंच त्यांनी विचारलं.

काका माझ्याकडे वळले. "त्या एवढ्याशा इलेक्ट्रॉनला निकेल कळतं. मला एक फोन करून सांगायला तुम्हाला काय झालं होतं?"

'तुम्हाला' म्हणाले. पुढे सगळं तसंच बोलले.

"मी आजच नाईकसाहेबांना फोन करते," मी म्हणाले.

"फोनवर नको. आणि मला एकट्याला सांगून तर काहीच उपयोग नाही. मी कुणाला सांगायला गेलो तर म्हणतील, म्हातारा मॅडमच्या गळ्यात घालतोय. मला सगळ्यांसमोर टाकीवरून उठवलं. उद्या सगळे असताना सांगा."

जिना उतरून मी आधी सरांना फोन लावला. रिक्षा स्टँडच्या बाजूला उभी राहून सगळं सांगितलं.

"दोन्ही ड्रॉइंग जोड," सर म्हणाले. "दुसऱ्यावर खरी तारीख टाक. अहवाल तूच लिही आणि संस्थेला तूच पाठव."

"सर, मी..."

"बाकीचं पुण्यात."

बाकीचं पुण्यात झालं. कारखाना यादीत राहिला. फ्रिजवरचा माझा वेळ माझ्या ज्युनिअरला मिळाला आणि तो वर्षभर तसाच राहणार आहे. यात मला तक्रारीला जागा नाही.

शनिवार, डोंबिवली

सकाळच्या चहाला सगळे टाक्यांच्या अलीकडे उभे होते. मी नाईकसाहेबांच्या केबिनमध्ये न जाता तिथेच गेले आणि बोलले. पाठ करून आले होते, तरी मधेच अडखळले. कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला. कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला."

नाईकसाहेब गडबडले. "अहो मॅडम, जाऊ द्या. झालं गेलं. होतं असं कामात. उगाच कशाला वाढवायचं? सावंतांनाही तसं काही वाटत नसेल."

"मला वाटतं," सावंतकाका म्हणाले.

ते बाकावरून उठले, एक कोरं जॉब कार्ड आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "लिहा. कार्डावर असेल तेच इथे धरतात."

मी लिहिलं, तांब्याची डबी, सोन्याचा मुलामा, निकेल नको. मग खाली लिहिलं की मागच्या वेळी ही सूचना दिलेली नव्हती, कागदावर ती नंतर घातली, चूक कारखान्याची नाही. पूर्ण नाव, सही, आजची तारीख.

काकांनी चष्मा लावला. कार्ड हातभर लांब धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, माझ्या नावासकट. एकही शब्द चुकला नाही. सगळ्यांनी ऐकलं. नाईकसाहेबांनी कमरेचा जुडगा काढला आणि जाळीच्या दाराची किल्ली त्यांच्या हातात दिली.

काकांनी हातमोजे चढवले, हरेशभाईंचा कागद उलगडला आणि डबी तारेला बांधली. "निकेलशिवाय द्यायचं तर सोनं जाड द्यावं लागेल," ते म्हणाले. "तरी काही वर्षांनी तांबं वर येईल. डाग दिसला की घेऊन या, पुन्हा करून देऊ. हेही लिहून देऊ का?"

"नको. लक्षात राहील."

"लिहूनच देतो."

डबी आम्लातून निघाली तेव्हा गुलाबी झाली होती, नुकत्या धुतलेल्या तळव्यासारखी. पाण्यातून काढून ते निकेलच्या हिरव्या टाकीजवळ आले, तिला ओलांडून पुढे गेले. मला बघायचं होतं. मी त्यांच्यामागोमाग जाळीच्या दारापर्यंत गेले.

"मॅडम," ते मागे न बघता म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा. इथे काम चालू आहे."